जपूनरावांनी भाव उतरवला

आत जायचं, एक वाक्य बोलायचं आणि बाहेर यायचं, एवढंच जपूनरावांनी ठरवलं होतं. वाक्यही फार मोठं नव्हतं. "किंमत जास्त आहे." बस्स. (बायकोसमोर त्यांना एवढंही एका दमात बोलता येत नसे, पण बायको तिथे नव्हती. ती शेजारच्या फर्निचरच्या दुकानात होती.)

जपूनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ऑफिसात कुणी चहाचा कप उचलला की ते "जपून" म्हणत, कुणी जिना उतरायला लागलं की "जपून", कुणी शिंकलं तरी "जपून". त्यामुळे आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव मागे पडलं आणि हे चिकटलं. लिफ्टची तपासणी करणाऱ्या खात्यात ते कारकून होते. शहरातल्या झाडून सगळ्या लिफ्टवर 'सुरक्षित' असा शिक्का त्यांच्या टेबलावरून बसायचा, आणि स्वतः जपूनराव चौथ्या मजल्यावरच्या त्या टेबलापर्यंत रोज जिन्याने धापा टाकत जायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "शिक्का मीच मारतो, म्हणून तर."

असा हा माणूस एका विषयावर मात्र वाघ होता. तो विषय म्हणजे आजकालच्या जपानी स्पोर्ट्स कार. जेवणाच्या सुट्टीत डब्याचं झाकण उघडलं की जपूनरावांचं तोंडही उघडायचं.

"पूर्वी या लोकांनी स्पोर्ट्स कार कुणासाठी बनवली? तुमच्या-माझ्यासाठी! शाळामास्तरासाठी! हलकी, साधी, दोन माणसांची गाडी. बिघडली तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक दुरुस्त करायचा. आता काय केलंय? तीच चार चाकं, तेच स्टीअरिंग, मध्ये एक टीव्ही चिकटवलाय आणि किंमत फ्लॅटची! अहो, इंजिनाचा आवाजसुद्धा स्पीकरमधून ऐकवतात. आवाजाचेही पैसे घ्यायचे आणि तोही खोटा द्यायचा?"

हे सगळं ज्ञान त्यांनी केस कापायच्या दुकानातली मासिकं आणि मोबाइलवरचे व्हिडिओ यांतून जमवलं होतं. अशा एकाही गाडीत ते कधी बसले नव्हते. ऑफिसातल्या अकाउंटंट बाई वर्षानुवर्षं हे ऐकत होत्या. त्या आठवड्यात त्यांचा संयम सुटला. "अहो, हे आम्हाला काय ऐकवता?" त्या म्हणाल्या. "आम्ही थोड्याच गाड्या बनवतो? जाऊन सांगा की त्यांना!" सगळे खो खो हसले. जपूनरावही हसले, पण ते बोलणं त्यांच्या मनात काट्यासारखं सलत राहिलं.

आणि शनिवारी तो योग आला.

त्या दिवशी सासूबाईंसाठी आरामखुर्ची घ्यायची होती. सासूबाई कोर्टात स्टेनोग्राफर होत्या. आयुष्यभर लोकांचे खरेखोटे जबाब लिहून त्या निवृत्त झाल्या. सासरे गेल्यावर आपलं घर विकून लेकीकडे राहायला आल्या. लेक, म्हणजे जपूनरावांची बायको, फिजिओथेरपिस्ट. तिला आईचे गुडघे दिसत, बाकीची आई जरा कमी दिसे. "आई, बस." "आई, उठू नकोस." "आई, मी देते, तू बस." या बसण्यासाठी आता चांगली खुर्ची हवी होती. दुकानात जपूनरावही सोबत होते. एका खुर्चीत ते सहज टेकले आणि हातानं कुठलं तरी बटण दाबलं गेलं. पायाखालचं काहीतरी फाडकन वर आलं, पाठीमागचं खाली गेलं, आणि जपूनराव असे किंचाळले की दुकानातला एक माणूस आपलं लहान मूल शोधायला धावला.

"तुम्ही जरा बाहेर थांबा," बायको हळू आवाजात म्हणाली. ती हळू बोलली की जपूनरावांना जास्त भीती वाटायची. ते थांबायला बाहेर आले. शेजारीच गाड्यांची शोरूम होती आणि दारात ती उभी होती. निळी, बुटकी, जमिनीला पोट लावून बसलेली जपानी स्पोर्ट्स कार. काचेवर किमतीचं कार्ड लावलेलं. जपूनरावांनी त्यावरची शून्यं मोजली, पुन्हा मोजली, आणि त्यांचं रक्त तापलं. त्याच तापात ते आत शिरले.

काचेचं दार आपोआप उघडलं, त्यालाही ते दचकले. आतली फरशी इतकी गुळगुळीत की ते बर्फावरून चालावं तसे पाय घासत पुढे गेले. एक टायवाला सेल्समन हसत समोर आला.

"या सर!"

"किंमत जास्त आहे," जपूनराव म्हणाले आणि मागे वळले. काम झालं होतं. पण ते दार आत यायला आपोआप उघडायचं, बाहेर जायला बाजूचं बटण दाबावं लागायचं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते बंद दारासमोर उभे राहिले आणि मागून आवाज आला.

"कशाच्या मानाने, सर?"

आता हा प्रश्न जपूनरावांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. लोक जांभई देत, घड्याळ बघत, डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जात. कुणीतरी खरोखर विचारतंय म्हटल्यावर ते दारापासून मागे फिरले. त्यांनी सगळं सांगितलं, अगदी शाळामास्तरापासून खोट्या आवाजापर्यंत.

टायवाल्यानं मन लावून ऐकलं. "तुमचं बरोबर आहे सर," तो म्हणाला, "पण पूर्वीच्या गाडीत एअरबॅग होत्या का? धडकली की संपलं. धुराचे नियम होते का? आणि अशा गाड्या खपतात किती? थोड्या. मग इंजिनीअर लोकांच्या डोकेफोडीचा खर्च त्या थोड्यांवरच पडणार ना? युरोपातली असली गाडी घ्यायला जा, याच्या दुप्पट मागतील."

"दुप्पट मागणारे चोर आहेत म्हणून निम्मं मागणारा साव ठरत नाही," जपूनराव म्हणाले. (हे वाक्य आपल्याला आयत्या वेळी कसं सुचलं, याचं त्यांना पुढे कितीतरी दिवस आश्चर्य वाटत होतं.)

टायवाल्याचे डोळे चमकले. असं बोलणारा माणूस नुसता बघायला आलेला नसतो, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. "सर, बाहेर ती ट्रायलची गाडी आहे. एकदा नुसतं बसून बघा."

"नको नको."

"नुसतं बसा हो सर. बसायला काय लागतं?"

बसायला खरंच काही लागलं नाही. जपूनरावांनी एक पाय आत टाकला आणि बाकीचे जपूनराव आपोआप आत पडले. ती सीट म्हणजे विहीर होती. गुडघे हनुवटीशी आले, रस्ता डोळ्यांच्या पातळीवर आला, समोरून चाललेलं एक कुत्रं त्यांना घोड्याएवढं दिसलं. उठायचा प्रयत्न केला तर कुठे हात टेकावा तेच कळेना. तोवर टायवाल्यानं त्यांचा पट्टा खटकन लावला आणि दुसऱ्या बाजूनं येऊन स्टीअरिंगवर बसला.

"तुम्ही आधी शेजारी बसलात सर, तिथेच मी ओळखलं. कच्चं गिऱ्हाईक चालवायला धावतं. जाणकार शेजारी बसतो आणि गाडीवर लक्ष ठेवतो."

"मला उतर—" जपूनराव म्हणाले, आणि पुढचं 'वा' मागे शोरूमच्या दारातच राहिलं.

शोरूमच्या पुढे गोदामांचा लांबच लांब रस्ता होता. शनिवारी गोदामं बंद, रस्ता ओसाड. गाडीनं गुरगुर केली, मग डरकाळी फोडली, आणि जपूनरावांचं पोट त्यांच्यापासून सुटून मागच्या काचेला जाऊन चिकटलं, निदान त्यांना तसं वाटलं. हाताला एक कडी लागली ती त्यांनी धरली. घशातून आवाज फुटला.

"जास्त होतंय! फार जास्त होतंय!"

"वाटणारच सर," टायवाला समजुतीनं म्हणाला. "थांबा, तुम्हाला दाखवतो कशाचे पैसे आहेत ते." आणि त्यानं आणखी दाबलं.

"कमी करा!"

"बरं. इन्शुरन्स आमच्याकडून."

"कमी करा हो! पाया पडतो तुमच्या!"

टायवाल्यानं चमकून शेजारी पाहिलं. त्यानं नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. लोक घासाघीस करतात ती पायावर पाय टाकून, चहा पीत. हा माणूस डोळे मिटून, घामानं निथळत, बेंबीच्या देठापासून घासाघीस करत होता. अशा तळमळीपुढे कोण टिकणार?

"नोंदणीचा खर्चही आमच्याकडून सर! पण गाडी काय आहे ते तरी बघा!" असं म्हणून त्यानं ती कशी वळते तेही दाखवलं. जपूनराव दारावरून टायवाल्याच्या खांद्यावर गेले आणि परत आले. भीतीचंही एक बरं असतं. ती ठरावीक मापाच्या पुढे गेली की माणूस ओरडायचा थांबतो. पण जपूनरावांचं माप मोठं होतं.

"कमी! अजून कमी! मी मरेन हो!"

"सर, माझ्या हातात होतं ते मी दिलं. मॅनेजरसाहेबांना विचारतो." टायवाल्यानं स्टीअरिंगवरचं एक बटण दाबलं.

"बोल," असा एक घनघोर आवाज आला. तो छतातून आला, पायाखालून आला, पाठीतून आला. गाडीच बोलली असं वाटून जपूनरावांनी उडी मारली, पण पट्ट्यानं मारू दिली नाही.

"साहेब, निळ्या गाडीचं गिऱ्हाईक सोबत आहे. कमी करा म्हणतात."

"किती कमी?"

"किती कमी करू, सर?"

जपूनरावांनी एक डोळा किलकिला करून समोरचा काटा बघितला आणि लगेच मिटला. "अर्धं करा! अर्धं!"

धक्क्यानं टायवाल्याचा पाय आणखी खाली गेला.

"अर्धं?" छत म्हणालं. "अर्धं केलं तर कंपनी मला विकेल. हे बघा, ट्रायलची गाडी आहे, कधीची पडून आहे, आणि आज महिनाअखेर आहे म्हणून सांगतो. चौथा हिस्सा सोडतो."

रस्ता संपत आला होता. शेवटी गोदामाची एक भली मोठी विटांची भिंत होती आणि ती जपूनरावांच्या दिशेनं धावत येत होती.

"भिंत!" ते ओरडले. "भिंत! भिंत!"

"काय म्हणतायत ते?"

"भिंत म्हणतात साहेब. आपल्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, असं म्हणत असतील."

छतानं एक लांब सुस्कारा टाकला. "बरं बाबा. तिसरा हिस्सा सोडला. माझा शब्द. याच्या खाली—"

त्या क्षणी टायवाल्यानं ब्रेक दाबला, गाडी गर्रकन फिरली, भिंत समोरून बाजूला आणि बाजूनं मागे गेली.

"बास!" जपूनरावांच्या तोंडून निघालं. "बास, बास, बास! आता बास!"

"बास?" टायवाला हर्षानं ओरडला. "साहेब, बास म्हणतात! ठरलं!"

परत येईपर्यंत शोरूममध्ये बातमी पोचली होती. कुणीतरी घंटा वाजवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोघांनी मिळून जपूनरावांना सीटमधून बाहेर ओढलं आणि तिथल्या एका मुलीनं त्यांच्या हातात फुलांचा गुच्छ दिला. गुच्छ एकसारखा थरथरत होता, पाकळ्या गळत होत्या. लोकांना वाटलं, आनंद झालाय.

मॅनेजर समोर आला. आवाजाच्या मापाचाच माणूस होता. त्यानं जपूनरावांचा हात आपल्या पंज्यात घेतला. "एवढी वर्षं या धंद्यात आहे," तो म्हणाला, "पण असं गिऱ्हाईक नाही पाहिलं. आत्ताही बघा, चेहऱ्यावरची रेष हलत नाही!"

रेष हलणार कशी? चेहरा गोठला होता. जपूनरावांना खुर्चीत बसवलं, समोर मॅनेजर बसला, पुढे पाण्याचा ग्लास आला, पाण्यामागून पेन आलं. पेनाकडे बघताना त्यांना भिंतीपेक्षा जास्त भीती वाटली. भिंत निदान बाजूला झाली होती. खरं सांगावं तर हा पंजा आपला चेंदामेंदा करणार. सही करावी तर उरलेला जन्म गाडीत राहावं लागणार, कारण घर विकावं लागेल. आणि दोन्हींच्या पलीकडे, शेजारच्या दुकानात, हळू आवाजात बोलणारी बायको.

"हिला..." त्यांना कसाबसा आवाज सापडला. "हिला विचारावं लागेल."

"विचारा की! वहिनी कुठे आहेत?"

"शेजारी. खुर्च्यांत."

टायवाला धावत गेला. आता मात्र जपूनराव खरे घाबरले. इतका वेळ चालला होता तो नुसता सराव होता.

बायको आली. मागून काठी टेकत सासूबाई आल्या. बायकोनं गुच्छ बघितला, पेन बघितलं, निळी गाडी बघितली. "अहो," ती अगदी हळू म्हणाली, "मी तुम्हाला बाहेर थांबा म्हटलं होतं. गाडी घ्या म्हटलं होतं का?"

"वहिनी, रागावू नका!" मॅनेजर मध्ये पडला. "तुमच्या यजमानांनी जो भाव उतरवलाय, तो आजवर कुणाला जमलेला नाही. तिसरा हिस्सा! मला अक्षरशः घाम फोडला."

"यांनी?" बायकोला कळेना. "हे? अहो, भाजीवाल्यानं भाव जास्त सांगितला तर हे दोन किलो जास्त घेऊन येतात, त्याला वाईट वाटू नये म्हणून!" मग तिनं नवऱ्याच्या ओठांचा रंग बघितला, मनगट धरून नाडी बघितली आणि तिचा आवाज बदलला. "काय झालं? खरं सांगा."

तिचा आवाज मोठा झाल्यामुळे जपूनरावांना जरा धीर आला.

"मी वेगाला म्हणत होतो," ते म्हणाले.

"काय वेगाला म्हणत होता?"

"कमी करा, असं."

टायवाल्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

"आणि सर... अर्धं करा म्हणालात ते?"

"तेही वेगालाच."

"आणि भिंत?"

"भिंत ती भिंतच होती."

मॅनेजर उठला. उठता उठता तो खूप वेळ उठतच राहिला, एवढा उंच होता. "म्हणजे," तो म्हणाला, आणि या वेळी छताची मदत न घेताही आवाज सगळीकडून आला, "मी माझा शब्द यांच्या किंकाळ्यांना दिला?"

जपूनरावांनी गुच्छ तोंडापुढे धरला.

"पण दिलात ना?"

हा आवाज बारीक आणि स्वच्छ होता. सगळ्यांनी वळून बघितलं. सासूबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या.

"तुम्ही कोण?"

"मी यांची सासू. शब्द दिलात की नाही, एवढं सांगा. का दिलात ते नंतर."

कोर्टातल्या माणसांना असं विचारायची सवय असते आणि ऐकणाऱ्याला आपण पिंजऱ्यात उभे आहोत असं वाटतं. मॅनेजर चाचरला. "दिला... म्हणजे, फोनवर... सगळ्यांनी ऐकलं तसा दिला. पण ते गाडी घेत नाहीयेत ना!"

"ते नाही घेत. मी घेते. त्याच भावात."

"आई!" बायको ओरडली. "अगं, आपण खुर्ची घ्यायला आलोय!"

"त्या दुकानातल्या सगळ्या खुर्च्यांत बसले मी आज. पुढे होतात, मागे होतात, मसाज करतात, गाणी म्हणतात. पण एक तरी कुठे जाते का?" सासूबाईंनी लेकीकडे बघितलं. "तुझ्याकडे आल्यापासून बसलेच आहे. घर विकलं त्याचे पैसे बँकेत बसलेत आणि मी खिडकीत बसलेय. बसायचंच असेल तर निदान चालत्या खुर्चीत बसू दे. कोर्टात मी रोज स्वतः गाडी चालवत जात होते, विसरलीस?"

"पण तुझे गुडघे! ती सीट बघ किती खाली आहे!"

"तूच तर शिकवलंस. आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत. दिवसातून दहा वेळा करून घेतेस माझ्याकडून. ते काय खिडकीत बसण्यासाठी?"

आईला इतकं बोलताना बायकोनं कितीतरी महिन्यांत ऐकलं नव्हतं. "चालवून बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही," ती शेवटी म्हणाली. "मी बसते शेजारी."

"तू नको. तू मला श्वास कसा घ्यायचा ते शिकवत बसशील." सासूबाईंनी काठी लेकीच्या हातात दिली. "जावईबापू, चला. यातलं तुम्हाला कळतं."

जपूनरावांनी मॅनेजरकडे आशेनं बघितलं. शोरूमचा काहीतरी नियम असेल, बाहेरच्या माणसांना गाडी देत नसतील. पण मॅनेजरला वाटलं, म्हातारी पहिल्या वळणावरच माघार घेईल आणि आपला शब्द सुटेल. "न्या," तो म्हणाला. "खुशाल न्या."

आणि जपूनराव त्याच विहिरीत दुसऱ्यांदा पडले.

सासूबाईंनी चष्मा पुसला, आरसा सारखा केला, सीट पुढे घेतली. सुरुवातीला गाडी इतकी हळू चालली की एक सायकलवाला त्यांच्याकडे दयेनं बघत पुढे गेला. जपूनरावांनी देवाचे आभार मानले. ते जरा लवकर मानले. गोदामांचा रस्ता आला, सासूबाईंनी "हं" असा एक उद्गार काढला आणि गाडीनं पुन्हा ती डरकाळी फोडली.

जपूनरावांनी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ओरडायचं काय? 'कमी करा' म्हणायची सोय राहिली नव्हती. 'जास्त' नको, 'अर्धं' नको, 'बास' तर मुळीच नको. एकेका शब्दानं काय होतं ते त्यांनी बघितलं होतं. उगाच तोंडून काहीतरी निसटायचं आणि आपण शोरूमच विकत घ्यायचो. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. त्यामुळे कडी धरायला हात उरला नाही.

"जावईबापू," सासूबाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या. कुणाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघायची त्यांची जुनी सवय होती, जबाब घेताना लागलेली. "तुम्ही घरी नेहमी म्हणता, यांच्या किमती फार असतात. खरं सांगा, ही घेण्यात मी फसत तर नाही ना?"

"पुढे बघा!" जपूनराव बोटांच्या फटीतून ओरडले.

"पुढचं कुणी बघितलंय? आत्ताचं सांगा."

"आई, पुढे! रस्त्याकडे!"

"रस्ता मला दिसतोय. किंमत बरोबर आहे का नाही, एवढं सांगा, म्हणजे मी तिकडे बघते."

"बरोबर आहे!" जपूनरावांनी किंकाळी फोडली. "अगदी बरोबर आहे! स्वस्त आहे! फुकट आहे! शाळामास्तरालासुद्धा परवडेल! पण पुढे बघा!"

इतक्या वर्षांचं मत एका वाक्यात गेलं. सासूबाईंनी समाधानानं मान पुढे वळवली. भिंत आली, पण धावत नाही, शहाण्यासारखी चालत आली. सासूबाईंनी वेळेवर वेग कमी केला, कुणी न सांगता, आणि गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी वळवली. वळताना त्या हसल्या. मोठ्यानं, तोंडभर. सासरे गेल्यापासून तसं हसताना जपूनरावांनी त्यांना पाहिलं नव्हतं. क्षणभर, अगदी क्षणभर, ते घाबरायचं विसरले आणि त्यांनाही हसू आलं. मग पुढे सरळ रस्ता दिसला आणि त्यांना आपलं काम आठवलं.

मॅनेजरनं शब्द पाळला. पाळताना त्याचा चेहरा दात काढून घेतल्यासारखा झाला होता, पण पाळला. निघताना घंटा वाजवली नाही आणि "पुन्हा या" असंही कुणी म्हणालं नाही. टायवाल्यानं फक्त जपूनरावांना बाजूला घेऊन विचारलं, "सर, ते निम्मं मागणारा साव नसतो, ते तरी किमतीबद्दलच होतं ना?" ते किमतीबद्दलच होतं हे ऐकून त्याला जरा बरं वाटलं.

आता सासूबाई रोज सकाळी लेकीला दवाखान्यात सोडतात, संध्याकाळी आणतात. मधल्या वेळात कुठे जातात ते सांगत नाहीत. गुडघे दुखतात, पण त्यांच्याबद्दल बोलायला त्यांना वेळ नसतो.

जपूनरावांच्या मात्र जिवाला घोर लागला. सासूबाईंनी ही हकिगत सगळ्या नातेवाइकांना फोन करून जशीच्या तशी, किंकाळ्यांसकट ऐकवली. कोर्टातली माणसं एक शब्द गाळत नाहीत. परवा साडूंचा, म्हणजे मेहुणीच्या नवऱ्याचा, फोन आला.

"दादा, मोटरसायकल घेतोय. दुकानदार काही केल्या खाली येईना. तुम्ही येता का? फक्त मागे बसायचं. बोलायचं काही नाही. नेहमीसारखं घाबरायचं, बाकीचं मी बघतो."

जपूनरावांचा स्वाभिमान उफाळून आला. फोन हातानं झाकून ते बायकोला म्हणाले, "ऐकलंस? मी काय आता लोकांसाठी भाड्यानं घाबरत फिरू?"

बायकोनं धुतलेल्या कपड्यांची घडी घालता घालता मानही वर केली नाही.

"जा की. त्यात काय एवढं? घरात रोज फुकटच घाबरता ना."